सेजलच्या हळदीचं शूटिंग

महाडात कुणालाही विचारा, पाणी चढायला लागलं की आधी काय करायचं. माल वर न्यायचा, बाकी सगळं नंतर. सावित्री नदी फुगल्याचा भोंगा वाजला की बाजारपेठेत किराणावाला गोण्या उचलतो, कापडवाला तागे उचलतो, आणि किशोर स्टुडिओवाला डिस्का उचलतो.

किशोर लग्नांचं शूटिंग करतो. नाते गावापासून थेट आंबेनळी घाटातल्या वाड्यांपर्यंत कुठंही हळद असो, खांद्यावर कॅमेरा टाकून हा हजर. माणूस सज्जन, पण हट्टी म्हणजे किती हट्टी. एमआयडीसीतली एक कंपनी बंद पडली तेव्हा तिथला जुना सर्व्हर त्यानं घरी आणला. दोघांनी धरून उचलावं असं ते लोखंडी खोकं, पुढच्या बाजूला खणाखणांतून मोठाल्या डिस्का. आजवर काढलेली सगळी लग्नं त्यानं त्यात भरून ठेवली. मैथिली, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "घरात माणसं घामानं निथळतायत आणि पंखा मात्र या खोक्याला."

गेल्या पावसात भोंगा वाजला. खोकं एकट्याला उचलेना. मग त्यानं भराभर डिस्का उपसल्या, मैथिलीच्या तांदळाच्या डब्यात घातल्या आणि माडीवर नेल्या. कुठली डिस्क कुठल्या खणातली, याची खूण करायचं त्या घाईत कुणाला सुचतंय? पाणी ओसरलं तेव्हा खोकं चिखलानं भरलेलं होतं. डिस्का मात्र कोरड्या ठणठणीत. बाजारपेठेत त्याचं कौतुक झालं. तोही ज्याला त्याला सांगत सुटला, आपला माल वाचला म्हणून.

त्याच पावसात आंबेनळीच्या बाजूला एका वाडीवर डोंगर उतरला. तिथल्या आवडीची लेक सेजल त्यात गेली, जावई गेला, आणि दोन घरं सोडून असलेलं आवडीचं स्वतःचं घरही गेलं. आवडी तेवढी वाचली, कारण ती मुंबईला मुलाकडे, मंगेशकडे, सुनेच्या बाळंतपणाला गेली होती. मंगेशच्या फोनात बहिणीचा एकच फोटो होता, गर्दीतला, अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. सेजलचं लग्न किशोरनं काढलं होतं. बाई एसटीनं महाडला आली आणि स्टुडिओच्या पायरीवर बसली.

"माझ्याकडं काय सुदीक ऱ्हायलं नाय रे," ती म्हणाली. "तुझ्याकडं हाय ना?"

"आहे ना काकी. एकूण एक आहे," किशोर म्हणाला. "वर्षश्राद्धाच्या आधी हातात देतो."

दिलेला शब्द त्याच्या मानेवर बसला. तसलंच दुसरं जुनं खोकं पुण्यात मिळवायला त्याचे महिने गेले. ते आलं, त्यानं अंदाजानं डिस्का खणांत बसवल्या आणि मशीन चालू व्हायला लागणारी सिस्टीम टाकायला घेतली. अर्ध्यावर जाऊन मशीन थांबलं. म्हणे डिस्कच सापडत नाही. डोळ्यांसमोर डिस्कांची रांग, आणि मशीन म्हणतंय डिस्क नाही! किशोरला वाटलं, आपला क्रम चुकला. त्यानं वरची खाली केली, खालची वर केली. काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. दर वेळी तेच. शेवटी कधीतरी सगळ्या खणांचे दिवे एकदम हिरवे झाले, तेव्हा त्याला वाटलं, हाच खरा क्रम. आता मेलो तरी हात लावायचा नाही.

सिस्टीम तरीही चढेना. त्यानं मुंबईला पुतण्याला, रितेशला, फोन केला. पोरगं कॉम्प्युटरच्याच लाइनीत.

"काका, सगळ्या मोठ्या डिस्का बाहेर काढा," रितेश म्हणाला. "आधी एका लहान डिस्कवर सिस्टीम टाका. बाकीचं मी रविवारी येऊन बघतो. तोवर प्लीज काही करू नका."

सल्ला लाखाचा होता. पण बाहेर काढा? एवढ्या मिनतवारीनं लागलेला क्रम पुन्हा मोडायचा? शिवाय श्राद्ध शनिवारी आणि आवडी शुक्रवारी येणार. रविवारी रितेश येऊन काय उपयोग, असं त्याच्या मनानं घेतलं.

शुक्रवारी सकाळी तो एकटाच खोक्यापुढं बसला. सर्व्हरच्या स्क्रीनवर प्रश्न आला, सगळ्या डिस्का जोडून नवा संच बनवू का? जुनं सगळं पुसलं जाईल. किशोरला वाटलं, जुनं म्हणजे कंपनीची ती जुनी सिस्टीम. पुसू दे की, आपल्याला नवीच तर टाकायची आहे. त्यानं हो म्हटलं. पुढं सिस्टीम अशी सरसर चढली की त्यानं मैथिलीला चहा टाकायला सांगितला.

चहा आला आणि त्यानं लग्नं उघडायला घेतली. तिथं काहीच नव्हतं. तांदळाच्या डब्यातून पुराच्या तोंडातून वाचवून आणलेलं सगळं त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. रितेशला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, "आता काही नाही होणार, काका."

दुपारच्या एसटीनं आवडी आली. हातात कोरा पेनड्राइव्ह, मंगेशनं दिलेला. किशोरनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मान खाली घालून सांगून टाकलं. शिव्या खायची त्याची तयारी होती. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

आवडीनं पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत बांधला. म्हणाली, "तू तर बगितलंस ना सगळं? मग सांग. कशी दिसत हुती?"

किशोर आठवायला लागला. हिरवा चुडा, मुंडावळ्या, हळदीनं पिवळे गाल. पण चेहरा येईना. शेकडो नवऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. मशीन आठवण ठेवतंय म्हटल्यावर त्यानं कधी डोक्यात काही ठेवलंच नव्हतं. तरी समोर आई बसलेली. तो सांगत गेला. कशी लाजली, कशी हसली, मैत्रिणींनी ओढल्यावर मांडवात कशी झक्क नाचली.

आवडी डोळे मिटून ऐकत होती. तो थांबला तशी हळूच म्हणाली, "सेजलचा पाय जल्मापासून अधू हुता रे. ती खुर्चीतच बसून हुती तवा."

किशोरला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आवडीनं डोळे उघडले नाहीत.

"पन सांग," ती म्हणाली. "नाचली ती कशी, ते परत सांग."