टॅकेट आणि पुत्र

ऑर्विल टॅकेट पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा आधी त्याचा आवाज आला, मग मिशा आल्या आणि बऱ्याच वेळाने तो स्वतः आला. त्या आवाजाने माझी शिडी हलली, रंगाचे दोन डबे लवंडले आणि रस्त्यापलीकडच्या बँकेतल्या म्हाताऱ्या कॅशियरने दरोडा समजून हात वर केले. मी पाट्या रंगवणारा. इंडियानातल्या आमच्या हॅडली गावात दुकानांच्या सगळ्या पाट्या माझ्याच हातच्या.

"गस, लिही! 'टॅकेट आणि पुत्र, बूट-जोड्यांचे व्यापारी.' सोनेरी अक्षरांत!"

"पुत्र कुठाय?"

"होईल की! आधी लग्न तर होऊ दे."

"मुलगी ठरली का?"

"तू पाटी रंगव रे. ती बघून कोणीतरी हो म्हणेलच."

लिओटा हो म्हणाली. मेरिल जन्मला तोवर पाटीचा रंग उडायला लागला होता.

ऑर्विल केंटकीहून अनवाणी चालत आला आणि स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला, हे गावाला पाठ होतं. कारण दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या सहभोजनात तो ते सांगायचा. पहिल्या वर्षी तो साठ मैल चालला होता. महायुद्ध संपेपर्यंत अंतर दोनशेवर गेलं आणि वाटेत बर्फही पडायला लागला. शेजारी बसलेल्या मेरिलला तो बजावायचा, "मला कोणी काही दिलं नाही! तूही कोणाकडून काही घेऊ नकोस. बापाकडूनसुद्धा!" पोरगं लोकांच्या अंगणातलं गवत कापायचं आणि स्वतःच्या जोड्यांचे पैसे बापाच्याच गल्ल्यात टाकायचं. आम्ही हसायचो. पोरगं हसत नसे. ते ऐकत असे.

१९२४च्या जूनमध्ये मेरिलची शाळा संपली. ऑर्विलने पाटीवर नवा वर्ख चढवून घेतला, गावाला केक आणि लिंबू सरबत दिलं आणि सगळ्यांसमोर रिबीन बांधलेली दुकानाची किल्ली पुढे केली.

मेरिलने हात मागे घेतले. "पपा, हे तुम्ही उभं केलंय. मी डेट्रॉइटला जातोय. माझं मी करीन."

"ऐकलंत?" ऑर्विल गरजला. "याला म्हणतात टॅकेट!" टाळ्याही आधी त्यानेच वाजवल्या. मग तो मागच्या खोलीत गेला. मी पाठोपाठ गेलो, तर तो जोड्यांच्या खोक्यांत बसून रिबीन सोडवत होता. गाठ सुटत नव्हती.

दोन वर्षांनी तो डेट्रॉइटला जाऊन आला. मेरिल तिथल्या एका मोठ्या दुकानात पगारावर जोडेच विकत होता.

"गुडघ्यावर बसून माझ्या पायाचं माप घेतलं त्याने," ऑर्विल म्हणाला. इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. "विचारलंन, दुकान कसंय? म्हटलं, झकास. मी विचारलं, तुझं कसंय? म्हणाला, झकास. कोटाच्या बाह्या विरल्या होत्या रे, गस."

"मग म्हणायचं ना, चल घरी!"

"आणि आला असता तर? जन्मभर त्याला वाटलं असतं, बापाने दिलं."

"अरे मूर्खा, बापच आहेस ना तू त्याचा!"

तो पायातल्या नव्या जोड्यांकडे बघत राहिला. "मापात मात्र चुकला नाही पोरगा," म्हणाला.

१९२८च्या मार्चमध्ये ऑर्विल गेला. मेरिल दफनाला आला आणि चारच्या गाडीने परत गेला. दुकान शेजारच्या औषधवाल्याने विकत घेतलं. तिथे तो रिकाम्या बाटल्या ठेवतो.