भरल्याशिवाय सुटत नाही

डहाणूत राहायला आले त्या संध्याकाळी घरमालकीण काकींनी मला सगळी वाडी फिरवून दाखवली आणि दोन गोष्टी बजावल्या. चिकू मागाल तेवढे मिळतील, पण झाडाला हात लावायचा नाही. आणि रात्री वाडीच्या फाटकाला कुलूप असतं, कारण चिकूचोरांनी नुसता उच्छाद मांडलाय. "सवारे पाचला मी उघडते, तुम्ही चिंता नका करू, बेन," त्या म्हणाल्या. काकींच्या मराठीत गुजराती सहज मिसळलेली असते. आठवड्याभरात मीसुद्धा चहाला "चालसे" म्हणायला लागले.

घर डहाणूत, नोकरी तलासरीला. एका ट्रस्टच्या छोट्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे दिवसभर आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हेच काम वीसेक वर्षं केलं. मग माझेच हात दुखायला लागले आणि मी वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. "मज्जा आहे बुवा एका माणसाची!" असं सगळे म्हणाले. सुरुवातीला होतीच मज्जा. ढाराढूर झोपले, लोणची घातली, भाचीच्या लग्नात मनसोक्त मिरवले. पुढे पुढे फोन वाजायचाच बंद झाला. माझ्या जागी आलेली मुलगी चटपटीत निघाली, पेशंट तिला सरावले, आणि माझ्यावाचून कुणाचं काहीएक अडत नाही हे मला घरबसल्या नीट कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं. रजा संपली तेव्हा तिकडे परत पाऊल टाकवेना. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईला नवी नोकरी देतंय कोण? तलासरीने दिली, तीसुद्धा तीन महिने काम बघून मग ठरवू, या बोलीवर.

आमचे मोठे डॉक्टर स्वभावाने चांगले, पण घड्याळाच्या बाबतीत दुर्वास. "नऊ म्हणजे नऊ," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पाड्यांवरची माणसं पहाटे घर सोडून येतात. त्यांना ताटकळत ठेवलेलं मला खपणार नाही." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. प्रश्न होता तो जीपचा.

एसटीची वेळ मला जमत नव्हती, म्हणून मी स्टेशनबाहेरून सुटणारी जीप धरायचे. पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरला विचारलं, "किती वाजता सुटते?"

"भरली की सुटते, मॅडम."

"ते कळलं हो. पण किती वाजता?"

"भरली की."

आता यावर काय बोलायचं? मी आत बसून घड्याळाकडे बघत धुमसायचे. बाकीची मंडळी मात्र निवांत. कोण तंबाखू मळतोय, कोण आशागडच्या कुणाच्या तरी म्हशीबद्दल बोलतंय, मागच्या बाकावर दोघी एकमेकींच्या डब्यात डोकावतायत. घाई अशी कुणाला नव्हतीच. त्या निवांतपणापायी मी दोनदा उशिरा पोचले. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण आणखी एकदा असं झालं तर मला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल." घरी येऊन मी काकींनी दिलेले चिकू एकामागून एक खात सुटले. माझं हे असंच होतं, धसका बसला की तोंड थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दोनच जागा रिकाम्या होत्या आणि ड्रायव्हर खुशाल बाहेर उभा राहून दात कोरत होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या दोन्ही जागांचं भाडं मी देते," मी म्हटलं. "आता तरी निघा!" त्याने आत बसलेल्यांकडे पाहिलं. ते खाली पाहायला लागले. डॉक्टरीण बाईंना नाही कसं म्हणायचं, असा बिचाऱ्यांना संकोच. (मी डॉक्टर नाही, हे त्यांना आजतागायत पटलेलं नाही.) जीप सुटली. वळणावर मागे बघितलं तर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई हात हलवत धावत येत होती. मला वाटलं, असेल कुणी तरी.

ती कुणी तरी नव्हती. सुकट विकणारी मावशी होती ती. दर बाजाराच्या दिवशी चिंचणीहून एसटीने डहाणूला यायची आणि पुढे याच जीपने तलासरीचा बाजार गाठायची. एक जागा तिची, एक टोपलीची. तिची एसटी येईपर्यंत जीप थांबते, हे माझ्याखेरीज साऱ्या स्टँडला ठाऊक होतं. पुढच्या बाजाराला ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला.

"तूच ना ती? मला टाकून गेलेली? भर बाजार बुडवलास गो माझा!"

ओशाळायचं सोडून मीही भडकले. "मग लवकर यायचं ना! मला नऊला पोचायचं असतं!"

"लवकर? चिंचणीची एसटी काय तुझा नवरा चालवतो?"

अख्खी जीप खदखदून हसली. मलाही हसू येत होतं, पण मी ते दाबलं, कारण भांडणात आधी हसणारा हरतो. त्यानंतर आमचा अबोला सुरू झाला. समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसायचो आणि ती हायवेकडे बघायची, मी डोंगराकडे. मी मात्र त्या दिवसापासून घरातून बरीच आधी निघून त्याच्या आधीची जीप पकडायला लागले. बाजाराच्या दिवशी ती जीप नसायचीच, ती माल घेऊन पहाटेच जायची. तेवढा एक दिवस मावशीची एसटी येईपर्यंत मी जीव मुठीत धरून बसायचे. थांबा किंवा निघा, काही बोलायचे नाही. कसेबसे नऊ गाठत होते.

तीन महिने संपत आले. डॉक्टरांनी सांगितलं, "उद्या सकाळी ट्रस्टची माणसं येणार आहेत. तुमचं काम बघतील आणि तिथेच काय ते ठरेल. नऊला या म्हणजे झालं." उद्या म्हणजे नेमका बाजाराचा दिवस.

सकाळी आवरून, इस्त्रीचा कुर्ता घालून फाटकापाशी गेले तर फाटकाला कुलूप! काकींकडची मंडळी पहाटेच उंबरगावला लग्नाला निघून गेली होती, आणि जाताना सवयीने फाटकाला कुलूप लावून गेली होती. वाडीत एक भाडेकरू राहते हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. काकींना फोन लावला तर पलीकडे नुसता बँड. "हॅलो, हॅलो, बेन, ऐकू नाय येत!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवूनसुद्धा दिला. मी कुलपासमोर उभी राहिले आणि डोळ्यांत पाणीच आलं. इथेही तेच. मी असले काय नि नसले काय!

मग मात्र राग आला आणि रागाने माझं नेहमीच भलं केलंय. पर्स पलीकडे भिरकावली, ओढणी कमरेला खोचली आणि लोकांना "गुडघ्यावर जोर देऊ नका" म्हणून सांगणारी मी, फाटकावर चढले. कुर्त्याची बाही टरकली. पलीकडे उतरताना एका चपलेचा अंगठा तुटला. रस्त्याला एक रिक्षा दिसेल तर शपथ! फरफटत, लंगडत, अर्धी पळत मी स्टँडकडे निघाले. मावशीची एसटी केव्हाच येऊन जीप सुटलीही असणार. मनातल्या मनात मी ठाण्याच्या बहिणीला फोनसुद्धा लावला होता, "येते गं परत, नाही जमलं."

जीप उभी होती.

आतली सगळी मंडळी घामाघूम होऊन बसलेली. टोपलीच्या जागेवर दुसरंच कुणी बसलं होतं, माझ्या नेहमीच्या जागेवर सुकटीची टोपली होती आणि टोपलीवर मावशीचा हात.

"चढ गो! बघत काय राहिलीस?" ती खेकसली.

मी टोपली उचलून मांडीवर घेतली आणि बसले. ड्रायव्हरने त्या दिवशी जीप अशी काढली की सगळे देवाचं नाव घेत होते. बाजाराआधी ती वळवून त्याने थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. घड्याळात जेमतेम नऊ. फाटक्या बाहीची, एका पायात चप्पल आणि अंगाला सुकटीचा घमघमाट अशी मी ट्रस्टच्या माणसांपुढे उभी राहिले. त्यांनी नाकाला रुमाल लावून माझं काम पाहिलं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, "राहा तुम्ही. पण बाई, तो वास कसला हो?"

संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये मावशी होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "मी तर तुम्हाला टाकून गेले होते. मग का थांबलात?"

"दोघं आले होते बसायला. भांडले माझ्याशी. पण मी टोपली हलवलीच नाही," ती म्हणाली. "तुझी जागा आहे ती."

"आणि मी आलेच नसते तर?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "येणार कशी नाहीस? आणि भरल्याशिवाय गाडी सुटते काय?"

वर्षभर माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं, आणि आज सकाळी अख्खी जीप अडली होती. मला काही आवरेचना. भर जीपमध्ये, सगळ्यांसमोर, मी तिच्या मांडीवरच्या टोपलीवर डोकं टेकून हमसाहमशी रडले. मावशीने पाठीवर हात फिरवला, थोडा वेळ रडू दिलं, आणि मग हळूच टोपली माझ्याखालून ओढून घेतली.

"पुरे गो, बाय. उरलेली सुकट आहे त्यात. भिजली तर कोण घेईल?"