न विचारता कातरलेली वेणी

मुळशीच्या डोंगरात, धरणाच्या वरच्या अंगाला एक मनोरुग्णालय आहे. तिथल्या बायकांच्या वॉर्डात मी मावशी. सकाळी पाण्यावरचं धुकं खिडकीतून आत येतं, औषधाच्या गुंगीतल्या बायका त्यात हळूहळू हलतात, आणि मला लहानपणचं मेंढरं कोंडायचं वाडगं आठवतं.

आमचं घर मेंढरांवर चालायचं. मला भाऊ नव्हता, म्हणून बापानं कातर माझ्याच हातात दिली. मेंढीचं डोकं गुडघ्यात धरलं की ती आधी धडपडते, मग थंड होते. बाप म्हणायचा, "गप झाली न्हवं? मंग राजी हाय ती."

वॉर्डात कुणाच्या डोक्यात उवा दिसल्या की केस बारीक करून टाकायची रीत होती. ते काम माझ्याकडं आलं, कारण माझा हात चांगला. त्याचा मला तोराही होता, खोटं कशाला सांगू. मेंढरं कशी कातरायची हे मी बायकांना फुशारकीनं सांगत बसायची.

एक बाई दाखल झाली. वेणी कमरेपर्यंत. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "रविवारी माजी पोर येनार हाय. तिला निजताना माजी येनी हातात लागती." मी व्हय म्हणाले आणि विसरले. विसरले कसली, नीट ऐकलंच नव्हतं.

शनिवारी तिच्या डोक्यात उवा सापडल्या. मी तिला खिडकीशी खाली बसवलं, डोकं गुडघ्यात धरलं. ती एकदा हलली, मग गप झाली. तिरपं ऊन आत आलं होतं. केस लोकरीसारखे हलके होऊन फरशीवर पडत होते, आणि मी चक्क गुणगुणत होते. त्या गुणगुणण्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी पाच-सहा वर्षांची पोर बापाचं बोट धरून आली. आईच्या खाटेजवळून सरळ पुढं गेली. आईनं हाक मारली तेव्हा वळली, जवळ आली आणि आईच्या पाठीवर हात फिरवत राहिली. वेणी शोधत होती.

आईनं माझ्याकडं पाहिलं. "मेंढरू हाय व्हय मी? इचारायचं तरी." एवढंच म्हणाली.

घरी जाताना वाट कधी सरली कळलं नाही. डोंगर, पाणी सगळं धुरकट दिसत होतं, आणि मी रडत होते.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असे जबरदस्तीनं केस कापायला कायद्यानंच मनाई आहे. "मग इतके दिवस तुमी कुटं हुता?" मी तोंडावर विचारलं. माझं तोंड तसंच आहे. त्या दिवसापासून कातर कपाटात गेली. आता तेल, बारीक फणी आणि तासभराची बैठक. आधी विचारते, मग थांबते. गुंगीतल्या बाईला उत्तर द्यायला लई वेळ लागतो. नको म्हणाली तर फणी खाली ठेवते.

ती बाई बरी होऊन घरी गेली. दीडेक वर्षानं औषधाला आली तेव्हा केस खांद्याखाली उतरले होते. पोर बरोबर होती. मी लगबगीनं फणी आणली आणि विचारलं, "घालू का येनी?"

ती बराच वेळ धरणाच्या पाण्याकडं बघत बसली. मी थांबले.

"नगं," ती म्हणाली.

माझ्या हातातली फणी घेऊन तिनं पोरीला दिली. पोरीनं तीन पेडांचा पार गुंता करून ठेवला. मला त्यांनी रिबीन धरायला दिली. वेणी पुरी होईपर्यंत मी ती धरून उभी राहिले.