चढावरच्या गल्लीचं पाणी

माझ्या बायकोने पाण्याचं पिंप आडवं केलं की गेटात उभे असलेले मामा पुढे व्हायचे, सांडणाऱ्या पाण्यातलं ओंजळभर घेऊन सरळ पिऊन टाकायचे आणि मिशी पुसत म्हणायचे, "पाणी काय भाकर हाय का, शिळं व्हायला?"

मामा म्हणजे लातुरात आमच्या कॉलनीला पाणी सोडणारे. सायकलला हातभर लोखंडी चावी बांधलेली. तिने रस्त्यातला वॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. आला की आधीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून नालीत ओतायचं आणि ताजं भरायचं, हा रिवाज. तुमच्याकडेही होत असेलच. उगाच नकारार्थी मान हलवू नका.

मी भूगोलाचा मास्तर. हवामानबदल असा शिकवतो की पोरं घाबरतात. एकदा मामांनी विचारलं, "सर, दुनिया तापायली म्हनतेत, खरं का?" मी दहा मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, "मोठमोठे देश धूर सोडतात मामा, आपण काय करणार?"

"मोठ्या देशाचं ऱ्हाऊ द्या. ही नाली तर तुमचीच हाय नं?"

मला भयंकर राग आला.

गेल्या उन्हाळ्यात मामांनी कहरच केला. आमच्या दारातली नाली वाहताना दिसली की वॉल्व्ह बंद, आणि पाणी चढावरच्या गल्लीला. तिथे एरवी नळातून नुसती हवा यायची. आमच्याकडे बोंबाबोंब झाली. "पाऊसपाण्याचंच सगळं बिघडलंय, आमच्या एका पिंपानं काय होतंय?" मामा चावी खांद्यावर टाकून म्हणाले, "सांडायलाव म्हंजी उरायलंय. ज्याला पुरंना त्याला देतो. करा तक्रार."

आम्ही केली. अर्ज मी लिहिला, पहिली सही माझी. मामांना लांबच्या दुसऱ्या टाकीवर पाठवलं. जाण्याआधी त्यांनी तो अर्ज वाचला होता. "अक्षर लई झ्याक हाय सर," एवढंच म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते आजही सहन होत नाही.

चढावरचे नळ पुन्हा कोरडे पडले. तिथल्या बाया घागरी घेऊन आमच्या दारात यायला लागल्या, आणि त्यांच्या पायांजवळून आमची नाली वाहत होती. मग मी दुसरा अर्ज लिहिला: मामांना परत पाठवा. चढावरच्या घराघरातून सह्या मिळाल्या, अंगठे मिळाले. आमच्या गल्लीतून एकच सही, माझी. बायकोनेसुद्धा तोंड फिरवलं.

आता दर सोमवारी शाळा सुटली की आमच्या टाकीवरच्या साहेबांपुढे जाऊन बसतो. "सर, एका माणसापायी किती चकरा मारायलाव?" ते विचारतात.

"तो माणूस येईपर्यंत," मी म्हणतो, आणि खुर्ची आणखी पुढे ओढतो.