पावडर कोरडीच

माझा थोरला भाऊ तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करतोय, पण माझ्या बोटीच्या टर्बो डिझेलने त्याची मती गुंग केली. इंजिनाखाली रोज तेल दिसायचं. पहिल्या दिवशी त्याने टर्बोचा गळका पाइप बदलला. तरी तेल! मग गळती असेल तिथे ओली व्हावी म्हणून त्याने सगळ्या सांध्यांवर पावडर मारली. पावडर कोरडीच.

“येतं कुठून हे?” त्याने कपाळाला हात लावला.

मी भडकले. “मला विचारतोस? रोज सकाळी अर्धा लिटर भरून माझे हात दुखले!”

“तेल मोजायची पट्टी बघून भरतेस?”

“पट्टी कशाला? खाली तेल दिसतंय ना!”

त्याने पट्टी ओढली. तेल खुणेच्या बोटभर वर. जास्तीचं हवेच्या नळीतून खाली पडत होतं.

दादा तेलाचा डबा उचलून घरी घेऊन गेला.