न टांगलेला आखूड दोरा

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. खामगावजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत गावविहिरीचं पाणी किती खोल आहे, ते मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला मी दगड बांधलेला दोर सोडून मोजायचो. पुढे सुट्टीत सासुरवाडीला जाऊ लागलो आणि परतल्यावर घरीच बसून मागच्या आकड्यात वीतभर वाढवून लिहू लागलो. पाणी खाली जातच होतं, म्हणून ते मला खोटं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर एक चित्रकार मुलगी वही मागायला आली. देशोदेशीच्या विहिरींच्या नोंदींवरून ती कलाकृती करत होती. खामगावच्या प्रदर्शनात तिने दर वर्षाचा एक सुती दोरा छताला टांगला होता. जितकं पाणी खोल, तितका दोरा लांब. माझे सुरुवातीचे दोरे लहानमोठे होते, नंतरचे जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरळ उतरत गेलेले.

सोबत आलेला माझा शेतकरी मित्र कुजबुजला, "काऊन बे मास्तर, एका साली तं विहीर काठोकाठ भरली होती. वाकून हातानं पाणी घेत होतो आपण. तो आखूड दोरा कुठी हाय?"

तेवढ्यात ती मुलगी आली. "काका, सगळ्यांत नेटकी वही तुमचीच," म्हणत माझ्या पाया पडली.

"पोरी, यातले अर्धे दोरे मी घरी बसून लिहिले, मला माफ कर," एवढंच मला म्हणायचं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."