आडनावानंतरचा प्रश्न

यवतमाळहून पुण्यात आले तेव्हा विश्रांतवाडीत मावशीकडे राहून नोकरी शोधत होते. मुलाखतीत छाप कशी पाडायची हे शिकवणाऱ्या एका क्लासला तिनंच घातलं. तिथले सर सांगायचे, ताठ बसा, नजरेला नजर द्या, चेहऱ्यावर हसू ठेवा. माझ्याकडे बघून म्हणायचे, "आणि तुम्ही ते वऱ्हाडी जरा आवरा." मी आवरलं. 'मले'चं 'मला' केलं, आरशासमोर हसायचा सराव केला.

खराडीतल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. समोर दोघं होती, साठीकडे झुकलेले एक साहेब आणि माझ्याच वयाची एक मुलगी. तिनं कोडिंगचे प्रश्न विचारले. सगळे जमले. "छान," ती म्हणाली. मग साहेबांनी माझा रेझ्युमे उचलला.

"आडनाव वेगळंच आहे हो तुमचं. म्हणजे आपण नेमके कोण?"

"सॉफ्टवेअर इंजिनिअर," मी हसत म्हणाले.

"ते झालंच. पण आपल्यातल्या, की...?"

ते 'की' त्यांनी तसंच लोंबकळत ठेवलं. आणि मी अजून हसतच होते! त्या हसण्याची मला आजही चीड येते. मग आतून काहीतरी उसळलं आणि क्लासमधली सगळी मराठी गळून पडली.

"बौद्ध आहो मी. काऊन? तुमच्या कोडले जात लागते का?"

"अहो, चिडताय कशाला? सहज विचारलं. टीममध्ये मिसळून राहावं लागतं, म्हणून."

मुलगी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली. मी फाइल उचलली. "मले नाही मिसळायचं तुमच्यात," म्हणाले आणि बाहेर पडले.

क्लासच्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, "हसून विषय बदलायचा हो. इम्प्रेशन घालवलंत." त्या क्लासची पायरी पुन्हा चढले नाही. कंपनीला सविस्तर मेल लिहिला. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार', एवढंच उत्तर आलं. काही महिन्यांनी हिंजवडीत दुसरीकडे नोकरी लागली, बरी लागली.

मुलाखतीच्या त्याच संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांची उभी हयात सरकारी कचेरीत गेली. मला वाटलं, रागावतील.

"चांगलं केलं, बोल्ली तू," ते म्हणाले. "माह्या साहेबानं इचारलं, तवा मी मान खाली घालून सांगतलं होतं."

माझ्या अपमानाचा राग कधीतरी निवेल. बाबांच्या त्या खाली घातलेल्या मानेचा अजून निवत नाही.